काळवंडलेली सयामी

"ही सयामी नाही, एवढं फक्त लिहून द्या," तो म्हणाला आणि त्यानं पिंजरा टेबलावर ठेवला.

पिंजऱ्यातल्या मांजरीला या आरोपाचं काही वाटलं नाही. तिनं जांभई दिली. ती बघून त्यालाही आली, आणि त्याची बघून जनावरांच्या डॉक्टरबाईंना. संध्याकाळ झाली होती आणि तिघांपैकी कुणाचाच दिवस फारसा बरा गेलेला नव्हता.

आई गेल्यावर बाबा भिंतीशी बोलायला लागले, म्हणून त्यानं ही मांजर विकत आणली होती. आणली तेव्हा ती सायीच्या रंगाची होती. फक्त कान, तोंड, पंजे आणि शेपटी काळी, जातिवंत सयामीची असतात तशी. दुसरा हिवाळा सरता सरता तिची पाठ काळवंडली, मग दोन्ही कुशी. आता ती धुराड्यातून उतरून आल्यासारखी दिसायची. "साय म्हणून कोळसा आणलात," बायको म्हणाली. लग्नाला बरीच वर्षं झालेली असल्यामुळे तो यावर काही बोलला नाही. विकणाऱ्याचं म्हणणं एकच होतं: डॉक्टरांनी लिहून दिलं की ही परत घेतो, दुसरी देतो.

सकाळी हे कानावर घातलं तेव्हा बाबा बराच वेळ मांजरीची मान खाजवत बसले.

"हिच्याशी आता बोलणं जमलंय रे माझं."

"दुसरीशीही जमेल, बाबा," तो दारातूनच म्हणाला. त्याला ऑफिसला उशीर होत होता.

डॉक्टरबाईंनी मांजरीच्या पाठीवरचे केस उलटे फिरवून पाहिले. पोट चाचपलं, डोळे पाहिले.

"अस्सल सयामी आहे."

"आणि हा रंग?"

"यांचा रंग उबेवर ठरतो. अंग जिथं गार पडतं, तिथले केस काळे उगवतात. म्हणून तर कान काळे, शेपटी काळी. वयानं थोडा रंग चढतो, पण इतका नाही. रात्री बाहेर असते का?"

"छे! घरातच."

"मग घर गार असेल."

त्याला हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच. "अहो, मी हीटरच्या कंपनीत आहे. तक्रार विभागात. सकाळपासून लोक मला फोनवर दात वाजवून दाखवतात. माझंच घर गार असेल होय?"

"झोपते कुठे पण ही?"

"बाबांच्या खोलीत."

डॉक्टरबाईंनी मांजर पिंजऱ्यात ठेवली, कडी लावली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं. त्याचं आता काय करायचं, ते त्याला समजेना.

घरी दिवाणखान्यात छान ऊब होती. बायको पातळ झग्यात टीव्हीसमोर बसली होती. "दिली का बदलून?" तिनं विचारलं. तो बूट न काढता थेट मागच्या खोलीत गेला. या खोलीचा उंबरा ओलांडून आपण शेवटचं कधी आत आलो, हे त्याला आठवेना.

बाबा पलंगावर बसले होते. अंगात कोट, डोक्याला कानटोपी. इतके दिवस तो समजत होता, की म्हातारा फिरायला निघालाय, नाहीतर फिरून आलाय. त्यानं हीटरला हात लावला. हीटर भिंतीइतकाच गार होता.

पिंजरा उघडताच मांजर उडी मारून बाबांच्या कोटात शिरली.

"ठेवायची ना हिला?" बाबांनी त्याच्याकडे न बघता विचारलं.

"ठेवायची." त्याचा हात अजून हीटरवरच होता. "हा कधीपासून बंद आहे?"

"मागच्या हिवाळ्यापासून असेल."

"मागच्या? अहो बाबा, मी दिवसभर दुसरं करतो तरी काय? एका शब्दानं बोलला नाहीत!"

बाबांनी मांजरीवरून कोटाचं बटण लावून घेतलं.

"दमून येतोस रे तू. दिवसभर लोकांच्या गार खोल्या ऐकून घ्यायच्या. म्हटलं, घरी आल्यावर आणखी एक कशाला?"