नेलपॉलिशखालचा पत्ता

धरणाची पातळी पडद्यावर दोनशे पंचावन्न दिसत होती. तिसऱ्यांदा.

"काका, धरण फुटलं वाटतं," नवी इंजिनीअर म्हणाली.

"धरण जागेवर आहे. कार्डच सापडत नाहीये," काका म्हणाले. रिकाम्या पत्त्यावर वाचायला गेलं की हाच आकडा येतो, हे दोघांनाही माहीत होतं.

कॉम्प्युटर नवा होता, पातळी मोजणारं कार्ड मात्र जुन्या बसवरचं. बस म्हणजे कॉम्प्युटरच्या आत कार्डं जोडायची तारांची वाट. सकाळी शिपाई विचारून गेला होता, बस आत कुठल्या दारातून आणणार म्हणून. नवी कार्डं जोडल्याबरोबर आपलं नावगाव सांगतात. हे जुनं कार्ड विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. म्हणून कर्नेलसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ प्रोग्रामसाठी, डिव्हाइस ट्री नावाच्या यादीच्या फाईलीत कोणीतरी लिहून द्यावं लागतं की बाबा रे, अमुक पत्त्यावर अमुक जण बसला आहे. मग कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, तिथे जाऊन हाक मारतो.

पत्ते आठ होते. त्यांतला खरा कोणता, ते कार्डावरच्या तीन बारीक खटक्यांवर ठरायचं. पण पंप चालू झाला की खोली हादरते आणि खटके सरकतात, म्हणून काकांच्या बायकोने, आधी हे कार्ड सांभाळणाऱ्या काकूंनी, त्यांच्यावर नेलपॉलिश ओतून ठेवलं होतं. गडद लाल. खटके वर की खाली, काही दिसत नव्हतं. विचारावं, तर काकू वारल्याला आठ महिने झाले होते.

नव्या इंजिनीअरने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. "दोन मिनिटांचं काम आहे. खरवडते."

"नको. खाली तारा केसासारख्या आहेत. एक तुटली की कार्ड गेलं."

हे खरंच होतं. तरी तिने काकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ब्लेड ठेवून दिलं.

फोन वाजला. साहेब होते. "चार वाजता भंगाराची गाडी येतेय. वाचलं तर वाचलं, नाहीतर द्या टाकून. नवीन मागवू."

चारला दहा कमी होते. एकदा फाईल बदलून सगळं पुन्हा सुरू करायला आठ मिनिटं जात. पहिले तीन पत्ते झाले होते. म्हणजे आता एकच पत्ता करून बघता येणार होता.

"चौथा लिहू ना?" तिने विचारलं.

काका कार्डाकडे बघत राहिले. लग्न असो, सभा असो, दवाखाना असो, बायको आधी कोपऱ्यातली शेवटची खुर्ची धरायची. पुढे चल म्हटलं की म्हणायची, "इथून उठून जाता येतं, कुणाला कळतही नाही."

"शेवटचा लिही," ते म्हणाले. "आठवा."

"मधले सोडून?"

"लिही गं."

तिने लिहिलं. पडदा काळा झाला, अक्षरं सरकली, थांबली. मग एक आकडा उमटला. एकशे बेचाळीस.

काकांनी धरणावरच्या चौकीदाराला फोन लावला. "भिंतीवरच्या पट्टीवर पाणी किती दिसतंय?"

"थांबा, चष्मा घेतो." बराच वेळ गेला. "एकशे बेचाळीस. का हो, काही झालं का?"

"काही नाही. बस तू."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. नवी इंजिनीअर खिडकीतूनच ओरडली, "वरून काही नाही, जा!" मग वळून म्हणाली, "काका, आता तरी खरवडू का? उद्या दुसरं कोणी आलं तर त्याला खटके दिसायला हवेत."

काकांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. पत्त्याच्या वर एक ओळ लिहिली: 'पत्ता आठवा. लाल रंग खरवडू नये.'

"पण ही ओळ कर्नेल वाचतच नाही."

"त्याच्यासाठी नाहीच ती," काका म्हणाले आणि फाईल सेव्ह केली.