उत्तरापुरती जागा

हौसाने अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवलेले सेल उचलले, पदराने पुसले आणि टेपमध्ये बसवले. उन्हात तापवलेले जुने सेल तासभर तरी चालत. तेवढे पुरे होते. वाडीतला धोंडू सकाळच्या एसटीने मुंबईहून आला होता आणि महिपतची कॅसेट दारातूनच देऊन गेला होता. सासू रत्नागिरीच्या बाजाराला गेलेली. शिमगा आठ दिवसांवर आला होता, आणि सत्त्याऐंशीच्या या शिमग्याला महिपत तिला, आपल्या बायकोला, मुंबईला न्यायला येणार होता. हौसाला फक्त वार कळायचा राहिला होता.

टेप त्यानेच दोन वर्षांपूर्वी गणपतीत आणून ठेवला. त्याआधी पत्रं येत. ती गुरुजी वाचून दाखवत, म्हणून महिपत सगळ्यांची खुशाली विचारी, भाताची चौकशी करी आणि शेवटी 'हौसास सांगणे' एवढंच लिही. काय सांगणे, ते पत्रात कधी नसे. कॅसेटमध्ये मात्र तो तिच्याशीच बोले. बोलता बोलता विचारी, "पाय दुखतो काय गो अजून?" आणि गप्प राही. हौसा इकडे खरोखर उत्तर देई. तिचं सांगून होईस्तोवर तो थांबलेला असे. मग म्हणे, "बरं." एकदा सासूने पडवीतून ऐकलं आणि विचारलं, की पेटीशी कसली गो कुजबुज, पेटी काय पाणी भरणाराय तुझं? हौसा हसली. पण त्या दिवसापासून ती दार लोटून घेऊ लागली.

कॅसेट एकच होती. त्याचं ऐकून झालं की हौसा तिच्यावरच आपलं भरी आणि परत धाडी. नवं चढलं की जुनं पुसलं जाई. मागच्या खेपेला तिने अख्खी बाजू भरली होती. गाय व्याली, सासूची दाढ पडली, ट्रंकेला नवं कुलूप आणलं. उरलेल्या फितीत लाजत लाजत एक ओवी म्हटली होती:

आला मोहर आंब्याला, वास दारात भरला
धन्याला सांगा कुणी, मागला शिमगा सरला

तिने बटण दाबलं.

महिपत भरभर बोलला. शिमग्याला रजा नाही. खोलीचंही जमत नाही. आयेजवळच ऱ्हा, तब्येतीला जप. हौसाने दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा तो पुढे निघून गेला होता. तो कुठे थांबलाच नाही. पाच मिनिटांत त्याचं सगळं सांगून झालं.

हौसा बसून राहिली. ट्रंक कोपऱ्यात भरून तयार होती. दमला असेल, तिने स्वतःला सांगितलं. रात्रपाळीवरून आला असेल, डोळ्यावर झोप असेल. माणूस रोज रोज कुठून गोड बोलणार?

फीत फिरत होती. तिने ती बंद केली नाही. त्याचं संपलं की पुढे तिचंच मागचं उरलेलं ऐकू येई. आता गाय येईल, दाढ येईल, शेवटी ओवी येईल. घरात तेवढाच एक आवाज.

खट्ट झालं. तिचं काहीच आलं नाही. महिपतच बोलू लागला. त्याने आधी एकदा भरलेलं होतं हे. पुन्हा थोडक्यात भरताना त्या आधीच्याचं शेपूट पुसायचं राहून गेलं होतं. या आवाजाला घाई नव्हती. सूर जुनाच होता, खालचा, ओळखीचा.

"चाय घेतलीस काय गो?" त्याने विचारलं आणि तो थांबला.

हौसाच्या अंगात जीव आला. ती टेपजवळ सरकली. नाय घेतली अजून, तुमचीच वाट बघत होते, असं ती म्हणणार, एवढ्यात टेपमधून, जरा लांबून, भांडी आवरता आवरता एक बाई म्हणाली,

"घेतली की मगाशी, तुमच्यासंगतीच. कुणाशी बोलताय?"

फीत घरघरत राहिली. मग महिपतचा आवाज आला.

"कुणाशी नाय."