निळी रेघ

व्हीआर चष्म्यातलं चित्र अडखळायचं आणि आईला गरगरायचं. मुलाने बॅटरी बदलली, काचा पुसल्या, कपाटाच्या आरशावर चादर टाकली. शेवटी चष्म्यावरच्या कॅमेऱ्यांना खोलीत उजेडच कमी पडतोय असं ठरवून तिला गच्चीवर नेलं. एका बाजूचा कठडा बांधायचा राहिला होता, म्हणून चष्म्यात हद्दीची निळी रेघ बरीच अलीकडे आखली. "रेघेपुढे जायचं नाही." "नाही रे बाबा." आई चष्म्यातल्या बागेत मांजरामागे निघाली. मोबाइलवर तो तेच चित्र बघत होता. अडखळणं थांबलं होतं, रेघही लांब होती. त्याने खुशीत मान वर केली. कॅमेऱ्यांवर ऊन पडून रेघ सरकली होती. आईची पावलं अर्धी कडेबाहेर होती. ओरडलं तर ती दचकेल. तो हळूच म्हणाला, "आई, तिथेच बस." ती बसली, पाय खाली सोडून. "इथे पायरी आहे वाटतं. उतरते हं."