पाच हजारांनंतरचं तेल

"पाच हजार झाले!" मिस्त्रीण दारातूनच ओरडली, आणि दहा दिवस पाठ न उचललेला मिस्त्री अंथरुणात ताडकन उठून बसला. ताडकन म्हणजे आपला त्याच्या मानानं. एक हात भिंतीला, एक हात बायकोच्या खांद्याला.

"फळीवरचा डबा काढ," तो म्हणाला.

फळीवर सिंथेटिक तेलाचा डबा होता. नवी मोटारसायकल आणली त्याच दिवशी आणलेला, सील न तोडलेला. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करून म्हाताऱ्यानं पहिल्यांदा स्वतःसाठी कोरी गाडी घेतली होती. आणि तेलाच्या बाबतीत त्याचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिले पाच हजार किलोमीटर साधं तेल. आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासल्या पाहिजेत, दोघांना एकमेकांची सवय झाली पाहिजे. सिंथेटिक पडलं फार गुळगुळीत. ते आधीच घातलं तर रिंगा बसतच नाहीत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो विचारायचा, "तान्ह्या पोराला लोणी चोपडून घसरगुंडीवर सोडाल का?" दुसरे मिस्त्री हसायचे. हल्लीच्या इंजिनांना एवढे लाड लागत नाहीत म्हणायचे. हा ऐकेल तर शपथ.

बायकोला त्यानं शब्द दिला होता. पाच हजार होऊ देत, सिंथेटिक पडू दे, की तुला मागे बसवून समुद्र दाखवतो. समुद्र आठशे किलोमीटरवर. तिनं जन्मात पाहिला नव्हता.

गाडीचे तेवीसशे झाले. त्यानं जुनं तेल काढलं, नवं साधं भरलं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या फुप्फुसांनी मान टाकली. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढचा महिना धरू नका."

मिस्त्री मात्र पाच हजार धरून बसला. "धाकट्याला सांग, गाडी रोज कामावर ने. जाऊन येऊन शंभर होतात." धाकट्या दिरानं ती दोन दिवस नेली. तिसऱ्या दिवशी त्याची बदली दुसऱ्या गावी झाली. मिस्त्रीणीनं हे नवऱ्याला कळूच दिलं नाही. कारण रोज संध्याकाळी मिस्त्री विचारायचा, "मीटर किती?" आणि आकडा वाढला असला की दोन घास जास्त जायचे.

मग बाईनं काय करावं? चाळीस वर्षं नवऱ्याच्या हातात पाने देत गॅरेजात उभी राहिलेली ती. मीटर पुढच्या चाकातून येणाऱ्या तारेवर फिरतं हे तिला झोपेतही ठाऊक. दुपारच्या गोळीनं मिस्त्रीला दोन तास गुंगी यायची. तेवढ्यात ती भिंतीपलीकडच्या गॅरेजात गेली, चाकाकडची तार सोडवली, ड्रिलच्या तोंडात दिली आणि बटण दाबलं. पहिल्या दिवशी ड्रिल उलटं फिरलं आणि गाडी सात किलोमीटर मागे आली. हसू नका, खरंच आली. मग जमलं. गाडी स्टँडवर जागची हलत नव्हती, काटा मात्र ऐंशीवर थरथरत होता. वाऱ्यानं पदर उडायचाच काय तो बाकी राहिला. ड्रिल असं तापायचं की त्यावर चहा उकळावा.

शेजारीण खिडकीतून विचारायची, "काय हो, घर पाडताय का?"

"नाही हो, लांब जायचंय!" ही इकडून ओरडायची.

रोज शंभर. पंचवीस दिवस.

आणि आता मिस्त्री गॅरेजात स्टुलावर येऊन बसला होता. श्वास घ्यायला मध्ये चार वेळा थांबून.

"मी सोडते बोल्ट," ती म्हणाली.

"माझ्या हातानं."

पाना त्याला पेलेना. तिनं त्याच्या हातावर हात ठेवून जोर लावला. इंजिनाखालचा बोल्ट सुटला आणि तेल घमेल्यात पडायला लागलं.

मधासारखं. सोनेरी. घमेल्याचा तळ दिसेल इतकं स्वच्छ.

एवढं पळालेलं तेल डांबरासारखं यायला हवं. मीटर तिनं म्हातारं केलं होतं, तेल म्हातारं करायचं राहून गेलं होतं.

"काळं झालंय ना हो चांगलं?" तिनं घाईघाईनं विचारलं.

मिस्त्रीनं दोन बोटं तेलात बुडवली. अंगठ्यावर चोळली. दाराच्या उजेडात धरली. माणसांनी त्याला पुष्कळदा फसवलं होतं, तेलानं कधीच नाही.

"काळंकुट्ट," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. ती लगबगीनं डब्याचं सील तोडायला लागली. त्यानं तिचा हात धरला.

"तो राहू दे. साधंच ओत."

"अहो, पण पाच हजार..."

"पंचवीसशेच झालेत. पुढे जो कोणी चालवेल, त्याच्या तरी रिंगा नीट बसू देत."

ती डबा मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसली. "मग समुद्र?"

"रोज दुपारी तुझं ड्रिल सुरू झालं, की मी डोळे मिटून तुझ्या मागे बसायचो," मिस्त्री म्हणाला. "समुद्र आठव्या दिवशीच आला होता गं. तू थांबलीच नाहीस."