खालचा तुकडा

मुरूम उपसून मानसिंगची टेकडी बोडकी झाली होती. गवतही रुजत नव्हतं. माणदेशातल्या धोंडुबाईनं तीन उन्हाळे तिथं रात्री मेंढरं बसवली. "लेंडीखतानं माती जित्ती झाली की खालचा तुकडा तुझ्या चराईला, आक्का," मानसिंगनं भंडारा उचलून सांगितलं होतं. यंदा माती तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "नत्र, स्फुरद, पालाश सगळं पुरेसं आहे. आता डाळिंबही येईल." दिवाळीनंतर धोंडुबाई कळप घेऊन परतली, तर टेकडीभोवती काटेरी तार होती. "दादा, माझा तुकडा?" "डाळिंबात मेंढरं कशी सोडू, आक्का? पलीकडं दुसरी खाण रिकामी झालीया. तिथं बसव की." "मग तिथं तार कवा ओढनार?" मानसिंग फाटकाला कुलूप लावून गेला. मेंढरं मात्र सवयीनं तारेला लागून बसली, उठेनात. कधी नव्हे ते धोंडुबाईनं त्यांच्यावर काठी उगारली.