गुणाची पोर

नोकरी, स्वयंपाक आणि गुरं यांत मालनबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून मे महिन्याची सुट्टी लागताच त्यांनी पोरांना घरातली कामं वाटून दिली. लाईट आली की ओसरीवरचं बटण दाबून मळ्यातल्या विहिरीवरची मोटर चालू करायची, हे काम उत्कर्षाकडं आलं.

"लई गुणाची पोर! आता सांगावंसुद्धा लागत न्हाय," कळसच्या पतसंस्थेत घाम पुसत त्या शेजारच्या टेबलावरच्या कुशाबाईंना कौतुकानं म्हणाल्या. गावासकट सगळ्या भागातली लाईट सकाळपासून गेलेली होती.

बोलता बोलता एसटीच्या घाईत विसरलेलं नवऱ्याचं बोलणं त्यांना आत्ता आठवलं. "मी वायर जोडायला विहिरीत उतरतोय. पोरीला सांगून जा, आज बटणाला हात लावू नगं म्हणावं."



डोक्यावरचा पंखा फिरू लागला.