निरोगी नमुना

गाठ ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला आधी निरोगी छाती कशी दिसते ते शिकवावं लागतं. स्कॅनसाठी ठरलेली माणसं ऐनवेळी टांग द्यायची, म्हणून संशोधक सर दरवर्षी बूट काढून स्वतःच मशीनमध्ये आडवे व्हायचे. "तेवढाच आराम," म्हणायचे.

सहाव्या वर्षी टेक्निशियन बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "सर, तुमच्या डाव्या फुप्फुसात गाठ आहे."

"काहीतरीच काय! प्रोग्रॅम काय म्हणतो?"

"ठणठणीत म्हणतो."

"मग झालं तर."

"जुने स्कॅनही काढून पाहिले मी. पहिल्या वर्षीच्या स्कॅनमध्येसुद्धा आहे, वाटाण्याएवढी. निरोगी माणूस कसा असतो, हे प्रोग्रॅम तुमच्याकडे बघूनच शिकलाय ना, सर."

सरांनी बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग प्रोग्रॅम बंद करा म्हणून सांगायला ते तडक बाहेर निघाले.

बाहेर बाकावरचे एक आजोबा लगबगीने उठले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच ना ते मशीनवाले साहेब? महिनाभर जीव टांगणीला लागला होता हो!"

त्यांनी कौतुकाने रिपोर्ट पुढे करून वाचून दाखवला.

"गाठ नाही. निरोगी नमुन्याशी शंभर टक्के जुळतं."